सगळ्यांच्या दुसऱ्या पसंतीचा गव्हर्नर

इंग्लंडात रीडिंगला नोकरीसाठी आले तेव्हा मला जी खोली मिळाली, ती त्या घरातल्या मुलीची होती. कपाटाच्या आतल्या बाजूला तिने शाळेत असताना चिकटवलेले स्टिकर तसेच होते आणि खिडकीशी तिचं टेबल. तिच्या आईने, म्हणजे काकूंनी, पहिल्याच दिवशी सांगितलं, "टेबल वापर, पण खालच्या ड्रॉवरमधलं तिचं सामान असू दे हं. ती आली की लागेल." ती अमेरिकेत होती. दोन वर्षांतून एकदा यायची.

काका रिटायर्ड डॉक्टर. इथल्या हॉस्पिटलात त्यांनी आयुष्यभर म्हाताऱ्या माणसांवर उपचार केले. मी तालुक्याच्या गावातून आलेली. वडील टेलर, आई चौथी शिकलेली, घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. स्टॅटिस्टिक्स घेऊन एम.एस्सी. झाले आणि कशीबशी इथवर पोहोचले. इंग्रजी वाचता येत होतं, बोलताना मात्र साधे शब्दही आठवायचे नाहीत. ऑफिसात फोन कसा उचलायचा, जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव कसं नोंदवायचं, कोणत्या आठवड्यात कचऱ्याचा कोणता बिन बाहेर ठेवायचा, हे सगळं मला काका-काकूंनी शिकवलं. कुणाचे उपकार मोजू नयेत म्हणतात, पण मी ते विसरायचेही नाहीत असं ठरवलं आहे.

मी एका सर्व्हे करणाऱ्या कंपनीत काम करायचे. लोकांना कोणतं बिस्किट आवडतं, कोणता शाम्पू ते परत घेतील, असल्या पाहण्या. पण काकांच्या लेखी मी लोकांच्या मनातलं ओळखणारी शास्त्रज्ञ होते. रविवारी जेवायला बसलं की आमटीचा पहिला घास घेण्याआधी त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा.

"काय बाईसाहेब, टिकतो का आमचा गव्हर्नर?"

आमचा गव्हर्नर म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका राज्याचा गव्हर्नर. त्यांची मुलगी, मी तिला ताई म्हणते, पब्लिक हेल्थ शिकायला तिकडे गेली आणि खेड्यांतली बंद पडत चाललेली छोटी हॉस्पिटलं वाचवायच्या कामाला लागली. या माणसाने स्वतःच्या पक्षातल्या लोकांचा राग ओढवून घेऊन, विरोधकांशी बोलून, ती हॉस्पिटलं चालू ठेवली. म्हणून ताई त्याच्या ऑफिसात गेली. पुढे तो राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहायचं म्हणू लागला, तेव्हा ती त्याच्या प्रचारात शिरली आणि मग तिचा फोन फक्त रविवारी दुपारी येऊ लागला.

मी मनापासून अभ्यास केला. मला अमेरिकेतलं काही माहीत नव्हतं, पण काकांनी विचारलं आहे तर अंदाजपंचे उत्तर द्यायचं नाही, एवढं मला कळत होतं. आधी पक्षातल्या पक्षात निवडणूक होते, एकेका राज्यात, महिनोन् महिने. तिथे जिंकेल तो शेवटच्या लढतीत उतरतो. हा गव्हर्नर सौम्य माणूस. दोन्ही बाजूंचे लोक त्याला त्याच्या राज्यात मतं देत. शेवटच्या लढतीपर्यंत पोहोचला तर तो कुणालाही हरवेल असं पुष्कळ जण म्हणत. पण पक्षांतर्गत मतदानाला थंडीवाऱ्यात घराबाहेर पडतात ते कट्टर लोक, आणि कट्टर लोकांना सौम्य माणूस आवडत नाही.

"काका, आमच्याकडे एक मारी बिस्किट आहे," मी म्हटलं. "विचारलं तर कुणीच नाव ठेवत नाही. सगळ्यांची दुसरी पसंती. पण दुकानात गेल्यावर माणूस पहिल्या पसंतीचंच उचलतो."

"म्हणजे माझी लेक मारी बिस्किट विकतेय," काका काकूंकडे बघून म्हणाले.

"तुम्हाला चहाबरोबर दुसरं काय चालतं हो?" काकू म्हणाल्या.

आम्ही हसलो. मग मी पुढचं सांगितलं. सुरुवातीची राज्यं त्याच्यासाठी अवघड आहेत. दक्षिणेतली राज्यं नंतर येतात, तिथे त्याला घरचं बळ आहे. तिथपर्यंत तग धरला तर तो उन्हाळ्यापर्यंत चालेल. पण माझ्या मते तो तिथवर पोहोचणार नाही.

त्या वर्षी शरद ऋतूत काकांना कावीळ दिसायला लागली. तपासण्या झाल्या, स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, पसरलेला. डॉक्टरला कुणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हॉस्पिटलातून घरी आल्यावर त्यांनी कोट खुंटीला लावला, आम्हा दोघींना बसवलं आणि पेशंटच्या नातेवाइकांना सांगावं तसं सगळं सांगितलं. किमो घेणार नाही म्हणाले. काकूंनी फक्त एक विचारलं, "तिला कधी कळवायचं?"

"आत्ता नाही."

"अहो, पण..."

"ती धावत येईल. इतक्या वर्षांचं काम टाकून येईल. आणि इथे येऊन करणार काय? माझं तोंड बघत बसणार." मग ते माझ्याकडे वळले. "तुझा अंदाज काय होता? दक्षिणेच्या आधी संपेल, असाच ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे वसंत ऋतूच्या आत ती मोकळी होते. तेवढा वेळ माझ्याकडे आहे. ती मोकळी झाली की सांगू."

आपल्याकडे हे नवीन नाही. माझ्या स्वतःच्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, वडिलांचा मोडलेला हात, मला सगळं बरं झाल्यावर कळलं. 'तू लांब आहेस, उगाच जिवाला घोर नको.' परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी मुलीला घरून येणाऱ्या फोनमागे काहीतरी झाकलेलं असणार असं वाटतच असतं, आणि तरी ती विचारत नाही. पण ज्या माणसाने जन्मभर पेशंटच्या मुलांना फोन करून 'लवकर या' सांगितलं, त्याने स्वतःच्या मुलीच्या बाबतीत हे करावं याचं मला नवल वाटलं. मी ते बोलून दाखवलं नाही. त्या घरात ते बोलायचा हक्क मला आहे असं वाटत नव्हतं.

रविवारच्या व्हिडिओ कॉलची तयारी सकाळपासून चालायची. काकू इस्त्रीचा शर्ट आणायच्या, गळ्याभोवती मफलर गुंडाळायच्या, कारण मान फार बारीक झाली होती. काका आपली खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवायला लावत. प्रकाश मागून आला की चेहरा काळसर दिसतो आणि त्वचेचा पिवळा रंग कळत नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

"बाबा, तुमचा कॅमेरा इतका डार्क का आहे? लाइट लावा ना," ताई म्हणायची. ती इथेच जन्मलेली, तिचं मराठी थोडं अडखळत चालणारं, पण बाबांशी ती हट्टाने मराठीच बोलायची.

"वीज महाग झालीय इथे. तू तुझं सांग. थंडी किती आहे?"

मग ती सांगायची. बर्फातून फिरणं, शाळेच्या जिममध्ये जमलेले लोक, गव्हर्नरचा बसलेला घसा. काका प्रश्न विचारायचे, तिची थट्टा करायचे. कॉल संपला की डोळे मिटून खुर्चीत तसेच पडून राहायचे आणि आम्ही दोघी त्यांना बिछान्यावर न्यायचो.

पहिल्या राज्यात गव्हर्नर मागे पडला. काकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. दुसऱ्या राज्यात तो संपणार अशी माझी खात्री होती. पण आघाडीवरचे दोघं एकमेकांवर इतके तुटून पडले, की कंटाळलेल्या लोकांनी दुसऱ्या पसंतीच्या माणसाला मतं दिली आणि तो चक्क दुसरा आला. आमच्या ऑफिसात असं झालं असतं तर मी आनंदाने टिपण लिहिलं असतं. इथे मला सकाळी स्वयंपाकघरात जाववेना.

काकूंनी बातमी ऐकली होती. चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, "आता?"

"आता दक्षिणेपर्यंत तरी जाईल, काकू."

"आणि तिथे?"

"तिथे जिंकेल."

त्यांनी गाळणं सिंकमध्ये ठेवलं आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या. आपल्या मुलीने जिंकावं असं त्यांना वाटत होतं आणि हरावं असंही. मलाही तसंच वाटत होतं, पण मी त्या घरातली नव्हते, त्यांना ते रोज झोपताना सोसायचं होतं.

काका फेब्रुवारीत अंथरुणाला खिळले. खालच्या खोलीत हॉस्पिटलचा पलंग आला, नर्स रोज येऊ लागली. आता व्हिडिओ बंद, नुसता फोन. 'बाबांना सर्दी आहे, घसा धरलाय,' असं काकू सांगायच्या. दक्षिणेतली राज्यं मतदानाला गेली आणि गव्हर्नर जिंकला, एकाच राज्यात नाही, लागोपाठ अनेक राज्यांत. ताईचा फोन आला तेव्हा मागे इतका गोंधळ होता की तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"बाबा, आम्ही जिंकलो! सगळे म्हणत होते मॉडरेट माणूस आता चालत नाही. आम्ही जिंकलो, बाबा!"

काकूंनी फोन त्यांच्या कानाशी धरला होता. "शाब्बास," ते म्हणाले. तेवढा एक शब्द बोलायलाही त्यांना श्वास गोळा करावा लागला. "आता मागे बघू नकोस."

त्या संध्याकाळी काकू माझ्या खोलीत आल्या. एरवी त्या कधी दार वाजवल्याशिवाय येत नसत. ताईच्या टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, "तू सांग तिला."

"मी?"

"मी यांना शब्द दिलाय. तुझ्याकडून त्यांनी शब्द घेतलेला नाही. त्यांना वाटलं, तू कशाला सांगशील." त्यांनी टेबलावरची धूळ हाताने पुसली. "मला तिची आठवण येतेय ग."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसच्या कार पार्कमध्ये उभी राहून फोन केला. तिकडे सकाळ होती, ताई कॉफी घेत होती. मी सरळ सांगितलं, कारण काका तसंच सांगत असत. रोगाचं नाव, किती पसरला आहे, किती दिवस उरले असतील.

कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून."

"ऑक्टोबर? मी दर रविवारी बोलतेय. तू तिथेच होतीस. माझ्या रूममध्ये झोपतेस तू, आणि तू मला सांगितलं नाहीस?"

ती जे म्हणत होती ते खरं होतं.

"मला ठरवू द्यायचं होतं ना," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्याच रात्रीच्या विमानाने ती आली. मी तिला आणायला हीथ्रोला गेले. एक छोटी बॅग, प्रचाराचं जॅकेट अंगावर, डोळे सुजलेले. टॅक्सीत ती एकच वाक्य बोलली, "बाबांना माहितीय मी येतेय?"

"नाही. काकूंनी मला सांगायला लावलं, हेही त्यांना माहीत नाही."

घरी पोहोचलो तेव्हा काका जागे होते. तिला दारात बघून ते दचकले नाहीत. बघतच राहिले. आनंद झालेला दिसला, आणि लगेच त्यामागे दुसरं काहीतरी आलं. एवढी मोठी लढत चालू असताना ही इथे कशी? याची दोनच कारणं असू शकत होती. एक तर तिकडचं संपलं, नाहीतर इथलं संपत आलंय असं तिला कुणीतरी सांगितलं. ते काकूंकडे बघायला लागले. काकूंनी मान खाली घातली.

"हरला का?" काकांनी विचारलं.

ताईने जॅकेट अजून काढलं नव्हतं. दोन दिवसांपूर्वी जिंकलेल्या माणसाचं नाव तिच्या छातीवर होतं. ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं, पण ती बाबांकडेच बघत होती.

"हो, बाबा," ती म्हणाली. "साऊथ जिंकलो, पण पुढे काहीच नव्हतं. ज्यांच्या भरवशावर होतो ते सगळे दुसरीकडे गेले. त्याने विथड्रॉ केला. म्हणून आले."

काका माझ्याकडे वळले. "तू म्हणाली होतीस."

"हो, काका," मी म्हणाले. मी त्यांना सांगितलेल्या सगळ्या अंदाजांपैकी हा एकच मी अभ्यास न करता दिला.

त्यांनी हात पुढे केला. ताई पलंगावर बसली आणि मग तिला रडू आलं, आणि त्यांनी ते हरल्याचं रडू आहे असं धरून तिच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली. "होतं असं. चांगली माणसं होती ना बरोबर? मग झालं."

त्यानंतरच्या दिवसांत आम्ही घरात बातम्या लावल्या नाहीत. काकांचा टॅबलेट बिघडलाय असं काकूंनी सांगितलं. ताई दिवसभर त्यांच्याजवळ बसायची आणि ते तिची समजूत काढायचे. मला वाटतं, मुलगी मोठी होऊन लांब गेल्यापासून तिची समजूत काढायची संधी त्यांना मिळालीच नव्हती. एका दुपारी मी ओले टॉवेल द्यायला गेले तेव्हा ते तिला सांगत होते, की त्यांना हृदयाचा डॉक्टर व्हायचं होतं. इंग्लंडला ते त्यासाठीच आले. इंटरव्ह्यूला जायचे, समोरची माणसं हसून बोलायची आणि नोकरी दुसऱ्याला मिळायची. म्हाताऱ्यांचा वॉर्ड इथल्या डॉक्टरांना नको असायचा, तो यांना मिळाला.

"वाईट वाटलं?" ताईने विचारलं.

"खूप. बागेत जाऊन रडायचो." ओल्या टॉवेलने त्यांनी ओठ टिपले. "मग एक आजीबाई होत्या वॉर्डमध्ये. रोज माझा टाय नीट करायच्या. म्हणायच्या, यू'ल डू, चालशील तू. असं करत करत वर्षं गेली. तुलाही दुसरं काम मिळेल. नाहीतर त्या खेड्यांतल्या हॉस्पिटलांकडेच परत जा, तुझ्याशिवाय त्यांना कोण विचारतंय?"

ताई त्यांचा हात धरून ऐकत होती. तिने हे आधी कधीच ऐकलं नव्हतं.

एकदा सगळं उघड होता होता राहिलं. नर्स बडबडी आणि प्रेमळ होती. औषधाचा पंप तपासता तपासता ती ताईला म्हणाली, "तुमचा तो गव्हर्नर टीव्हीवर पाहिला काल! काय जोरात चाललंय त्याचं!" ताईने तिला हाताने गप्प केलं. काकांचे डोळे मिटलेले होते. नर्स गेल्यावर बऱ्याच वेळाने ते मराठीत म्हणाले, "त्या बाईला अमेरिकेतलं काही कळत नाही." आणि ताईचा हात त्यांनी आपल्या हातावर ओढून घेतला.

ते एका सकाळी गेले. बाहेर ऊन होतं, काकू त्यांना चमच्याने पाणी पाजत होत्या. ताई आणि मी दोघी तिथे होतो. त्यांचं लेकीकडे लक्ष होतं, एवढं मी सांगू शकते.

अंत्यसंस्कार झाले, लोक आले आणि गेले. ताई परत गेली नाही. तिकडून फोन येत होते, ती सांगत होती की आईला सोडून आत्ता येता येणार नाही. खरोखरची हार त्यानंतर आली. बाकीचे उमेदवार एक झाले, मोठी राज्यं एकामागून एक हातची गेली. गव्हर्नरने आपल्या गावातल्या एका शाळेसमोर उभं राहून माघार घेतली. आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसून ताईच्या लॅपटॉपवर ते पाहत होतो. तो चांगलं बोलला. हॉस्पिटलांचं नाव घेतलं, कामाला लागलेल्या पोरांचे आभार मानले. ताईने लॅपटॉप मिटला.

"वाईट वाटतंय का ग?" काकूंनी विचारलं.

"माझा रडून झालाय, आई. बाबांनी समजावलं ना मला तेव्हाच." मग तिने आईला ते इंटरव्ह्यूचं सांगायला सुरुवात केली, बाग आणि टायवाल्या आजीबाई सगळं. शेवटी म्हणाली, "तुला हे सगळं माहीत होतं?"

काकू टेबलावरचे कप गोळा करत होत्या. "मला येऊन सांगायचे, इंटरव्ह्यू पुढे ढकलला. दर वेळी पुढे ढकलला."

"आणि तू?"

"मी काय म्हणणार? बागेत उभे असलेले मला खिडकीतून दिसायचे. आत आले की मी म्हणायचे, बरं झालं, पुढच्या वेळी बघू. हात धुवा, जेवायला बसा."

कप घेऊन त्या सिंकपाशी गेल्या. ताई उठून त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि कप पुसायला लागली.